तळहातावरचं वरण

परत कटाई सुरू झाली.

सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि मागच्या मळ्यातून आवाज आला, केळीच्या खांबात कोयता बसतो तो. लाकूड तोडल्यासारखा नसतो. ओला असतो, भिजलेल्या गोधडीवर धोपाटणं मारावं तसा, एकदा, मग थांबून परत एकदा, आणि मग झाड पडतं तेव्हा नुसती पानं सळसळतात. थोड्या वेळाने चिकाचा वास येतो, तुरट, कच्चा. माझ्या हातात गुड्डीचा फ्रॉक होता, पिळलेला. तो किती गार आहे ते माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना कळत नाही. बाकीच्यांना कळतं. एरवी मला त्याची आठवणही राहत नाही, पण कटाईचा आवाज आला की मी एकदा बघते, उगाच. दोन बोटं फ्रॉकवर ठेवते, काही नाही. फ्रॉक गालाला लावते, गार.

बस, मग तो सगळा उन्हाळा येतो.

आमच्या जसोंडीत उन्हाळा म्हणजे दोन जागा. बाहेर रस्त्यावर लू, उन्हाची झळ अशी की डोळे उघडवत नाहीत, आणि मळ्यात शिरलं की एकदम गार, अंधारा, पाटाच्या पाण्याचा वास. मी शहरातली, बुऱ्हाणपुरातली, कापडाच्या लूमच्या गल्लीतली. आमच्याकडे बोलणं म्हणजे ओरडणंच, कारण खटखट दिवसरात्र चालू. इथे लग्न होऊन आले तर इतकं शांत की मला झोपच लागायची नाही. आठवी झालेली, नववीत नाव होतं, गेले नाही. केळी खायची माहीत होती, झाड माहीत नव्हतं. एकदा घड उतरवला की झाड संपलं, खांब तोडून टाकतात, मळ्यातच पडून सडतो, हे मी इथे आल्यावर पाहिलं. आणि खांब म्हणजे लाकूड नाहीच, कांद्यासारखा आहे, सालावर साल, वरची सुकी तपकिरी, आतली पांढरी, पाण्याने भरलेली. पाहून मला कसंतरी झालं होतं. एवढं मोठं झाड आणि आत काहीच नाही, नुसती सालं.

गुड्डी झाली तेव्हा सगळे विचारायचे, कसं वाटतंय. मी म्हणायचे, चांगलं. दुसरं काय सांगणार. मला काहीच वाटत नव्हतं. स्टँडवर कोणी आपली पिशवी सांभाळायला देऊन जातं ना, जरा बघा म्हणून, तशी मी तिच्याकडे बघत होते. सांभाळायची आहे, हरवायची नाही, एवढंच कळत होतं. लाड वगैरे बाकीच्या बायका करायच्या. माझ्याकडे फक्त भीती होती, ती पण अशी की छातीत श्वास अर्धाच जायचा, आणि मी अर्ध्या श्वासावरच दिवसभर काम करायचे.

आणि ती रांगायच्या आधीच, थंडी संपता संपता, तिला ताप आला आणि झटका आला. डोळे वर गेले, हातपाय ताठ, ओठ निळे. ह्यांनी मोटरसायकल काढली, मी मागे तिला छातीशी धरून, रस्त्यात काय लागलं काय नाही काही आठवत नाही, शहरात पोचेपर्यंत ती ढिली पडून रडायला लागली होती आणि ते रडणं ऐकूनही मला काही वाटलं नाही, नुसते दात वाजत होते. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, लहान मुलांना तापात येतो असा, मोठी झाली की जाईल. पण लक्ष ठेवा. हात लावून बघत राहा, गरम लागली की ताप मोजा, औषध द्या, अंग पुसा, आणि परत झटका आला तर थेट इकडे.

ह्यांनी थर्मामीटर आणला. पण तो काढला की ती अशी किंचाळायची की शेजारच्या घरातून विचारायला यायचे, आणि गरम लागल्याशिवाय दिवसातून किती वेळा लावणार. डॉक्टर म्हणाले होते हात लावून. मी ते धरून बसले. झोपली की हात, उठली की हात, दूध पिताना हात.

"कातडं काढशील पोरीचं हात लावू लावू," सासू म्हणायची. "देवाच्या मूर्तीलेबी कोणी इतका हात लावत नही."

मी ऐकून घ्यायचे आणि परत लावायचे.

त्याच वर्षी थर्माकोलच्या थाळ्या, प्लास्टिकच्या वाट्या सगळं बंद झालं. बंद म्हणजे दुकानदार समोर ठेवत नव्हता, मागून काढून देत होता. पण मंदिरातल्या मोठ्या भंडाऱ्यानंतर नाला तुंबला तो तुंबलाच, थाळ्या पाण्यावर बदकांसारख्या फिरत होत्या, आणि वरणाच्या वासाने एका गाईने त्या खाल्ल्या आणि पोट फुगून ती दोन दिवस नुसती उभी. पंचांनी सांगितलं, आता असल्या थाळ्या चालणार नाहीत. मग कशात वाढायचं ते कोणी सांगितलं नाही.

कमलमावशी आमच्या गल्लीतली. नात्यातली नाही, सगळ्यांचीच मावशी. बायकांचा समूह तीच चालवायची. आधी पापड झाले, मग अगरबत्ती झाली, दोन्ही बसले. आता तिने केळीच्या सालांच्या ताटल्या करायचं डोक्यात घेतलं आणि समूहाच्या शेडमध्ये मशीन आलं, दोन लोखंडी साचे, एक वर एक खाली, विजेवर तापायचे, मध्ये साल ठेवायचं आणि दांडा ओढून दाबायचं. मशीनबरोबर इंदूरहून ऋतूदीदी आली. ती कॉलेजात हेच शिकलेली, वस्तू कशी असावी, हातात कशी बसावी. मला आधी खरं वाटलं नाही.

"खुर्ची कशी करावी ते शिकायले कॉलेज?" मावशीने विचारलं. "सुतार मेले का?"

"मौसी, मेरी मम्मी भी यही बोलती है," दीदी म्हणाली आणि खाली बसून आमच्याबरोबर सालं पुसायला लागली. मग मावशी तिला काही बोलली नाही. बोलली, पण प्रेमाने.

मला मावशीने बोलावलं ते सासूला सांगून. "हिले जरा बाहेर काढ. पोरीच्या तोंडाकडे पाहू पाहू सुकून चालली." गुड्डीला सासूजवळ ठेवायचं, मध्ये मध्ये घरी येऊन पाजायचं, हात लावायचा, परत जायचं. शेड गल्लीच्या टोकाला. मी चालत कधी गेलेच नाही, जाता येता पळतच.

पहिले काही दिवस सगळं बिघडलं. ओलं साल साच्यात घातलं तर फसकन वाफ, ताटली फाटून हातात. सुकवून घातलं तर कडक, पण उभी चीर जायची आणि चिरेतून वरण थेट मांडीवर. सावलीत सुकवलेल्यांवर बुरशी. चिकाचे डाग तर साड्यांवर कायमचे, माझी एक निळी साडी अजून आहे, तिच्यावर चहा सांडल्यासारखे डाग, जात नाहीत. मग दोन सालं एकमेकांवर आडवी-उभी ठेवून चिंचोक्याच्या खळीने चिकटवली तेव्हा चीर थांबली. खळ शिजायला लागली आणि मी तशीच उभी राहिले. आमच्या गल्लीत सूत कडक करायला तीच लावायचे. तो वास नाकात गेला आणि मला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. मी पातेलं हलवत राहिले.

पण दोन सालांना वेळ दुप्पट आणि भंडारा जवळ आलेला. मावशीचं म्हणणं, मधलं जाड साल घेऊ, चीर जात नाही असं निवडून, एकेरीच करू. दीदीचं म्हणणं, पातळ पडेल. मग ठरलं, परीक्षा घेऊ.

परीक्षा मावशीने काढली. ताटली तळहातावर घ्यायची, उकळतं वरण ओतायचं, आणि मावशीचा एक कप चहा पिऊन होईपर्यंत धरून उभं राहायचं. हात हलवला की ताटली नापास. कारण आमच्याकडे भंडाऱ्यात सगळ्यांना पंगत मिळतेच असं नाही, अर्धी मुलं उभ्यानेच खातात, ताटली तळहातावर. "बसलेल्याले जमीन हाय," मावशी म्हणाली. "उभ्याले काय हाय? हात."

एकीने धरली, पास. दुसरीने धरली, पास. मावशीने स्वतः धरली, एका हातात वरण, दुसऱ्यात चहा, फुंकून फुंकून प्यायली, पास. मग मी धरली. माझं काम तर साच्यातून ताटली काढायचंच, दिवसभर. चिमटा होता पण चिमट्याने कड फाटायची, म्हणून हाताने. तव्यावरची भाकरी कोण चिमट्याने काढतं. मी उभी राहिले. मावशी मुद्दाम सावकाश प्यायली, बायका हसल्या, "मावशी, बशीत ओता, हिचा हात दुखला." मी म्हटलं, पिऊ द्या, काही होत नाही. आणि खरंच काही होत नव्हतं.

"पास," मावशीने कप उपडा केला.

दीदी खूश झाली. ताटलीचं बूड बघायला तिने ती माझ्या हातातून घेतली, आणि टाकली. वरण फरशीवर. तिने बोटं तोंडात घातली.

"दीदीचे हात म्हणजे लोणी," कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

दीदी हसली नाही. "ये तो जल रहा है, भाभी. आपको लग नहीं रहा?" तिने माझा हात धरला, उलटा केला. तळहात लाल झाला होता, मधोमध ताटलीच्या बुडाचा गोल उमटलेला. मी त्याच्याकडे बघत होते, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. "कब से नहीं लग रहा?"

कब से. मी सांगायला तोंड उघडलं आणि मला गुड्डीचं कपाळ आठवलं. सकाळी हात लावला होता, गार होती. काल पण गार होती. परवा पण. केवढे दिवस झाले, ती गारच होती.

मी चपला घातल्या नाहीत. गल्लीतली माती तव्यासारखी, पाय पोळत होते, आणि पोळतायत हे कळत होतं. पायाला कळतं आणि हाताला कळत नाही, एवढंच डोक्यात होतं पळताना, बाकी काही नाही.

सासू ओसरीवर सुपात डाळ निवडत बसली होती. गुड्डी झोळीत, झोपलेली, केस कपाळाला चिकटलेले. मी हात ठेवला. काही नाही. दुसरा हात ठेवला. जसं लाकडावर, जसं भिंतीवर. मी बोटं उलटी करून लावली, तिथेही धड काही नाही.

"आई, बघा ना, ही गरम आहे का?"

"तुले हात नही का?"

"बघा ना, आई."

तिने वर पाहिलं. माझं तोंड कसं होतं मला माहीत नाही, पण तिने सूप बाजूला ठेवलं, तसंच, डाळ सांडली थोडी, आणि उठली. मला वाटलं ती कपाळावर हात ठेवेल. तिने हात मागे घेतले. वाकली, गुड्डीचं झबलं वर केलं आणि आपली कानाखालची जागा, मान आणि गालाच्या मधली, तिच्या पोटाला लावली. डोळे मिटून.

"तापली व," ती म्हणाली. "चांगली तापली."

थर्मामीटर काखेत धरला. गुड्डी रडली पण किंचाळली नाही, म्हणजे अंगात त्राण नव्हतं. मग औषध, माप परत परत बघून, कारण आकडे डोळ्यांसमोर हलत होते. मग ओला कपडा, काखेत, जांघेत, मानेवर. सासू पाणी बदलत होती, मी पुसत होते. दुपार होती, बाहेर लू भणभणत होती, मळ्यात कुठेतरी कोयता चालू होता. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. वर जातात का. मुठीकडे बघत होते. ताठ होतात का. मला रडू आलं नाही, देव आठवला नाही, काहीच झालं नाही, मी नुसती बघत होते आणि पुसत होते. सासू मधून मधून वाकायची, मान लावायची, परत पाणी बदलायची. एकदा वाकली आणि जरा जास्त वेळ राहिली आणि म्हणाली, "उतरू राहिला."

झटका आला नाही. नाही आला. एवढंच झालं त्या दुपारी. लिहायला गेलं तर काहीच झालं नाही.

संध्याकाळी गुड्डी प्यायला लागली तेव्हा मी विचारलं, "तुम्ही हात का नाही लावला?"

सासूने आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. काळपट, चकाकणारे, बोटांची टोकं अशी की त्यांवर रेघाच नाहीत. "हाताचं काय विचारतं. ह्या हातानं चूल केली, भाकरी केल्या, कढई उतरवली. हे कधीचे मेले. तुह्या नवऱ्याले लहानपणी मी मानेनंच पाहत होती. माह्या सासूनं दाखवलं."

"मला का नाही दाखवलं?"

"तू विचारलं का? मले वाटलं शहरातल्या हाताले कळते."

मग ती हसली आणि माझा हात घेऊन तळहातावर तूप चोळायला लागली. तिचे हात माझ्या हातावर फिरत होते. तिलाही कळत नव्हतं आणि मलाही कळत नव्हतं. मला अजून ते आठवतं. दोघी ओसरीवर बसलेल्या, तूप, आणि मध्ये काही नाही.

नंतर मी त्याच्यावर किती वेळा विचार केला असेल. गावातल्या एवढ्या बायका, सगळ्यांचे हात चुलीने खाल्लेले, आणि आम्ही त्या हातांवर वरण घेऊन ठरवत होतो की एखादं पोर ही ताटली धरू शकेल की नाही. कोणी खोटं बोलत नव्हतं. सगळ्या खरंच सांगत होत्या की गरम लागत नाही.

गुड्डी बरी झाल्यावर मी शेडवर जाऊन सांगितलं, जसं झालं तसं. मावशीने एकेरी ताटली घेतली, उकळतं वरण ओतायला लावलं, आणि या वेळी तळहातावर न घेता मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवली, जिथे आपण बाळाच्या दुधाचा थेंब टाकून बघतो तिथे. चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत हात झटकला.

"म्हणजे आपण सगळ्या बायका नापास," मावशी म्हणाली. "आणि ही ताटली पण."

बायका हसल्या, मग आपापले हात बघायला लागल्या. एक आपली बोटं एकमेकांवर घासत होती, जणू आवाज येईल.

त्यानंतर दीदीने दुहेरीच धरलं, आडवं-उभं, आणि बुडाचा साचा बदलून आणला. नव्या साच्यात खालून उंच रेघा उमटायच्या, जात्याच्या पाळीला टाकी लावतात तशा, मधोमधून बाहेर निघालेल्या. ताटली हातावर टेकायची ती रेघांवर, बाकी मध्ये वारा. मला हे फार विचित्र वाटलं, एवढे दिवस आपण साल जाड करायचं बघत होतो आणि शेवटी काम केलं ते रिकाम्या जागेने. पहिला साचा पण बरोबर नव्हता, रेघा बुटक्या, मनगट तापायचं. दीदी इंदूरला नेऊन परत घेऊन आली. मग एक दिवस मावशीचा चहा पूर्ण संपला, बशीतला सुद्धा, आणि मनगट जिथल्या तिथे. ते मनगट दीदीचं होतं. मावशी म्हणाली, लोण्याची परीक्षा हीच खरी.

मी तेव्हा साच्याजवळ नव्हते. शहरातल्या डॉक्टरला हात दाखवला होता. ते म्हणाले, बाळंतपणानंतर मनगटातली नस दबते काही बायकांची, त्यात हे गरम काम. गरम थांबवा, येईल हळूहळू, सगळं येईल असं सांगत नाही. मला वाटलं होतं असं काही ऐकलं की धक्का बसतो. बसला नाही. मी विचारलं, दूध पाजायला चालेल ना. ते म्हणाले, त्याचा काय संबंध.

भंडाऱ्यात वरण-बट्टी, वांग्याची भाजी, आणि आमच्या ताटल्या. रंग मातकट, डाग तर होतेच. काही म्हातारे म्हणाले, हे काय झाडाचं कातडं. सासू गुड्डीला मांडीवर घेऊन बसली, वरणात बट्टी कुस्करली, एक घास तिला, एक स्वतःला. मी बाजूला उभी होते. मला म्हणाली, "वास येते जरासा केळीचा. चालते." मी उभ्याने खाणाऱ्या मुलांच्या हातांकडे बघत होते. एक मुलगी, सात-आठ वर्षांची, ताटली तळहातावर, वरण काठोकाठ, आणि ती हात न हलवता मैत्रिणीशी भांडत होती, जिलबीवरून. भांडण संपेपर्यंत मी बघितलं. तिने ताटली दुसऱ्या हातात घेतली नाही.

उष्ट्या ताटल्या खड्ड्यात गेल्या. गाई आल्या, बट्टीसकट ताटली खाऊन गेल्या. मावशी म्हणाली, "घ्या, भांडी पण घासून झाली." सगळे हसले. मी पण हसले, म्हणजे तोंड तसं झालं.

हात आला. आधी मुंग्या, मग टोचणं, मग एक दिवस पाटाच्या पाण्यात हात घातला आणि गार लागलं, इतकं गार की मी हात काढून घेतला आणि परत घातला. दोन बोटं राहिली ती राहिलीच. आणि ते दुसरं, गुड्डी झाल्यापासून जे आत काहीच वाटत नव्हतं, ते कधी गेलं मला सांगता येणार नाही. गेलं की नाही तेही. कधी वाटतं गेलं. कधी ती झोपलेली असते आणि मी बघत असते आणि परत तसंच, पिशवी सांभाळायला दिल्यासारखं. फरक एवढाच की आता मला ह्याची भीती वाटत नाही. सासूचे हात मेलेले होते आणि तिने तीन पोरं मानेने मोठी केली. एक जागा बंद पडली तर दुसऱ्या जागेने कळतं. मन कुठे असतं मला माहीत नाही, पण ते सगळं एकाच ठिकाणी नसावं.

दीदी आता येत नाही, दुसऱ्या गावात काम आहे तिचं. फोनवर बोलते, मावशीला मौसीच म्हणते. काल मावशीचा निरोप आला, कटाई लागली, सालं येतील, शेड झाडून ठेवलंय, या वेळी जाड हातमोजे आणलेत, येते का. मी सकाळी फ्रॉक वाळत घातला, तांदूळ निवडले, कोयता ऐकत बसले. मग निरोप पाठवला, येते. साच्याजवळ नाही, वरण धरायला. मनगटाला माझ्या गरम कळतं.

दुपारी गुड्डी मळ्याकडून पळत आली. आता शाळेत जाते, पण सुट्टी, दिवसभर उन्हात. तोंड लालभडक, केस कपाळाला चिकटलेले, तसेच.

"आई, पाणी."

मी खाली बसले. हात पदराला पुसले आणि मागे घेतले, सवयीने. तिने स्वतःच फ्रॉक वर केला, तिलाही सवय आहे, आणि मी मान तिच्या पोटाला लावली. ती हसायला लागली, तिला गुदगुल्या होतात, तिला वाटतं हा आमच्या घरातला खेळ आहे. पोट गरम होतं. मी तशीच थांबले. ती हसत होती तेव्हा पोट हलत होतं, आणि गरमी वरवर होती, कातडीची, पाण्याचा एक हात फिरला की जाईल अशी. आत गार होती.

"झालं का बघून?"

"झालं."

"काय आहे?"

"ऊन आहे," मी म्हटलं. "नुसतं ऊन आहे."